दोघींची पांढरी साडी

ताई,

मंडळवाल्यांनी तुझ्यावर चार चांगल्या ओळी लिहून मागितल्या होत्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाचायला. त्या मी दिल्या. तू प्रेमळ होतीस, कष्टाळू होतीस, कोहक्याच्या गल्लीत कोणाचं काही अडलं की धावून जायचीस. एका मुलीनं त्या माइकवर वाचल्या, बायकांनी डोळे पुसले, मीही पुसले. खोटं त्यात काही नव्हतं. पण तू तिथे असतीस तर मला कोपरानं ढोसून विचारलं असतंस, "बेबी, हे कोनाबद्दल वाचून राहिले व?"

आता जे लिहिते आहे ते माइकवर वाचायचं नाही. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मी तुझ्यावर चिडलेली आहे. राग रोज सकाळी माझ्याआधी उठून बसतो. आणि रागापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. माझ्याबद्दल तुझ्या मनात एक खोटी गोष्ट बसली होती, ती तशीच घेऊन तू गेलीस. ती दुसऱ्या कोणी नाही, मीच घातली होती. पंचवीस वर्षं मी ती काढली नाही. माझ्या बोरसीपासून तुझं कोहका म्हणजे काही परदेश नव्हता. महिन्यातून दोनदा तरी मी तुझ्या घरी येत होते, तुझ्या हातचा चहा पीत होते आणि ते सोडून बाकी सगळं बोलून परत जात होते.

सगळ्या गल्लीला तू माहीत होतीस ती कपड्यांमुळे. लगनसराई जवळ आली की तुझ्या ओट्यावर कोणी ना कोणी कोट हातावर टाकून उभं असायचं. कोणाची शेरवानी, कोणाच्या सुनेचा घागरा, कोणाचे रिटायरमेंटच्या कार्यक्रमाचे बूट. ड्रायक्लीनवाला पावर हाउसच्या बाजारात होता, पण लोक आधी तुझ्याकडे यायचे. त्याच्याकडून कपडा चमकून येतो आणि तुझ्याकडून वाचून येतो, असं त्यांना वाटायचं. तू कधी दुकान टाकलं नाहीस. तू फक्त ओरडायचीस. तो एक जण पोराच्या लग्नाचा कोट घेऊन आला होता, घामाचा वास जावा म्हणून त्यानं त्यावर अर्धी बाटली सेंट मारला होता. तू कोट नाकाशी नेलास, लांब धरलास आणि म्हणालीस, "भाऊ, हा आता कोट नाही राह्यला, अगरबत्ती झाली." मग दोन दिवस तो उलटा करून पंख्याखाली टांगलास, कॉलर ओल्या पिळलेल्या फडक्यानं पुसलीस, वरून खाली, वरून खाली ब्रश मारलास. खालून वर ब्रश मारणाऱ्याला तू माणसात मोजत नव्हतीस.

बुटांचं तसंच. आधी नाड्या काढ. आत पेपर कोंब, पण हिंदी पेपर नको, त्याची शाई हाताला लागते म्हणायचीस. नागपूरहून एक दिवस शिळा होऊन येणारा आपला मराठी पेपरच पाहिजे. शाईचं खरं कारण नव्हतं हे मला माहीत आहे. तुला तो पेपर घरात यायला हवा होता आणि भाऊजी म्हणायचे, वाचतं कोण. मग बुटाला पॉलिश पातळ, रात्रभर तसंच सोडायचं, सकाळी चमकवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कपडा ठेवलेला दिसला की तू पिशवी फाडायचीस, ती आमच्या घरची असली तरी. डांबराच्या गोळ्या जरीला लागल्या तर जरी काळी पडते, म्हणून कडुनिंबाचा सुकवलेला पाला, पातळ कपड्याच्या पुरचुंडीत. तुझ्या घरात शिरलं की तोच वास यायचा.

आणि वारा. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आपण लहानाच्या मोठ्या झालो, तिथे सकाळी उठून आई आधी आभाळ पाहायची नाही, चिमणीचा धूर पाहायची. धूर आपल्याकडे वळलेला असला की पांढरं काही बाहेर टाकायचं नाही. प्लांटची लाल बारीक धूळ कपड्यावर बसते, दिसतही नाही, आणि त्यावर पाणी किंवा दंव पडलं की तिथे गंज धरतो. ब्लीचिंग लावलं तर डाग आणखी पक्का होतो. शेजारच्या ओडिया काकूंनी एकदा त्यांच्या यजमानांचं धोतर तसंच घालवलं होतं. आईकडून हे सगळं तू शिकलीस. मला नाही जमलं, मला दोरी रिकामी दिसली की मी कपडा टाकते. तू नाही. माझ्या शाळेचे पांढरे मोजेसुद्धा तू धूर पाहिल्याशिवाय बाहेर टाकले नाहीस. हे मी इतकं सविस्तर का लिहिते आहे ते तुला कळलं असेल.

आईची पांढरी रेशमी साडी. म्हणायला आईची, पण आई ती एकदाही नेसली नव्हती. तिचं लग्न झालं तेव्हा गावात भंतेजी मिळाले, साडी मात्र जाडीभरडी सुती मिळाली. तेव्हाच तिनं ठरवलं म्हणे, माझ्या पोरी रेशमात जातील. बाबांची नोकरी इथे पक्की झाल्यावर पहिल्यांदा नागपूरला गेली तेव्हा ती घेऊन आली. दुधासारखी नाही, थोडी सायीच्या रंगाची, बोटभर जरीचा काठ. तुझा जन्म व्हायचा होता, माझा तर विचारही नव्हता. आणि आई ती जपत बसली. मलमलचं कापड, खळ नाही, नीळ नाही, दोन पाण्यातून काढलेलं, त्यात साडी गुंडाळायची, जरी आतल्या बाजूला. दर काही महिन्यांनी काढून घडी बदलायची, कारण एकाच घडीवर पडून राहिलं तर रेशीम तिथेच चिरतं. भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो आणि त्याखाली खाटेवर पसरलेली पांढरी साडी, आई दोन्ही हातांनी सुरकुती काढते आहे, आणि आपल्याला हात धुतल्याशिवाय जवळ यायला मनाई. माझी आईची सगळ्यात जुनी आठवण हीच आहे.

मी अकरावीत असताना आई गेली. जाण्याआधी तिनं तुला सांगितलं होतं, मी दाराशी उभी होते, मी ऐकलं. "साडी दोघीचीबी हाय. पहिले तू, मंग बेबी." तुझ्या लग्नात तू नेसलीस. सेक्टरच्या हॉलमध्ये तू पांढऱ्यात उभी होतीस, भाऊजी शेजारी, आणि मी तुझा पदर जमिनीला लागू नये म्हणून मागे वाकून वाकून चालत होते. दुसऱ्या दिवशी सगळे थकून झोपले होते आणि तू नवी नवरी, रिठ्याच्या पाण्यात साडी बुडवून बसली होतीस. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. माझी पाळी येईपर्यंत साडी तुझ्याजवळ राहणार होती. तुझ्याइतकं सांभाळणं मला कधीच जमलं नसतं, हे मी तेव्हाही मान्य करत होते.

मग माझं लग्न. अविनाशच्या घरी आधी नाहीच म्हणत होते, नंतर हो म्हणाले, आणि हो म्हणताना सासूबाईंनी एकच अट घातली. तुमच्या पद्धतीनं सकाळी करा, आमच्या पद्धतीनं संध्याकाळी, पण सकाळीसुद्धा पांढरं नको. नवरी पांढऱ्यात म्हणजे आमच्यात अपशकुन. ती अट घेऊन मी तुझ्याकडे आले. तू भाऊजींचे बूट मांडीवर घेऊन बसली होतीस.

"पांढरं नको म्हणतात ते," मी म्हटलं.

"कावून?"

"त्यांच्यात चालत नाही. अपशकुनी मानतात."

तुझा ब्रश थांबला. "मायची साडी अपशकुनी हाय?"

"साडी नाही व, रंग. एका दिवसाचा तर प्रश्न हाय ताई. कायले वाढवून राहिली?"

"लगन एकाच दिवसाचं असते बेबी. दुसऱ्या दिवशी भांडेच घासा लागते."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "तू कोक ओव्हनवाल्याच्या घरात गेली, तुले काय समजते. मले अफसरांच्या घरात राहाचं हाय." भाऊजी आतल्या खोलीत होते, भट्टीवरच्या शिफ्टवरून नुकतेच आले होते. त्यांनी ऐकलं. आजपर्यंत त्या माणसानं त्याचा एक शब्द काढलेला नाही, आणि मी आले की अजूनही खुर्ची पुसून देतात. तू बूट खाली ठेवलास आणि म्हणालीस, "जा मंग. लाल नेस, हिरवी नेस. मायची लाज वाटते तं सरळ सांग ना, सासूचं नाव कायले सांगते."

आठ दिवसांनी मी पुन्हा आले. कशासाठी आले होते ते शेवटी लिहीन, आत्ता हात वळत नाही. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. ऑटोतून उतरतानाच धूर कुठे चालला आहे ते मला दिसलं होतं, म्हणजे मलासुद्धा, जिला कधी दिसत नाही. तुझ्या तेव्हाच्या क्वार्टरचं फाटक उघडलं आणि अंगणात तारेवर ती साडी. पूर्ण उलगडलेली, दोन चिमटे लावून. ओली होती. आदल्या रात्रीपासून बाहेर असावी, दंव प्यायली होती. आणि पदरापासून मध्यापर्यंत तांबूस ठिपके, कोणी लाल दंतमंजनानं दात घासून चूळ टाकावी तसे.

तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वारा फिरला."

एवढंच. वारा फिरला. ताई, माझ्या मोज्यांसाठी धूर पाहणारी तू. मी तारेजवळ गेले, एक ठिपका बोटानं चोळला, तो आणखी पसरला. मी तुला विचारायला पाहिजे होतं, मुद्दाम टाकलीस का. त्याऐवजी मी म्हटलं, "बरंच झालं. तशीबी मी नेसनारच नव्हती." आणि फाटक लोटून निघाले. पिवळी साडी पावर हाउसला घेतली, सिंथेटिक, दुकानदारानं बॉर्डर अस्सल आहे म्हणून शपथा घेतल्या. लग्नाच्या फोटोत मी त्या साडीत हसते आहे. तूही आहेस फोटोत, एका कडेला, तू नाही हसत.

त्यानंतर काय आपण बोलत नव्हतो? भरपूर बोललो. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तू येऊन राहिलीस, माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या समोर सुकटाची चटणी केलीस आणि त्यांना खायला लावलीस. अविनाशचा लग्नातला कोट दर दिवाळीआधी तू घेऊन जायचीस आणि नवा करून द्यायचीस, तो अजून त्याला होतो, म्हणजे कोट ठीक आहे, पोटच पुढे आलं आहे. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर डबा तुझ्याकडून आला. मी हे विसरलेले नाही. पण प्रत्येक वेळी डबा उघडताना मनात यायचं, हिनं ती साडी मुद्दाम बाहेर टाकली. जेवण गोड लागायचं आणि हे मनात यायचं, दोन्ही एकदम. तुझ्यावर मला आजवर धड रागही करता आला नाही आणि धड मायाही नाही.

आणि मी पण काही कमी नव्हते. भाऊजींच्या रिटायरमेंटचं आठव. त्यांचे काळे बूट. कोणत्या तरी सत्कारासाठी घेतले होते, एकदा घातले, आणि मग तू ते सात वर्षं डब्यात जपलेस. पेपर कोंबून, पॉलिश करून, सावलीत. रिटायरमेंटच्या दिवशी काढले तेव्हा नव्यासारखे चमकत होते. भाऊजी स्टेजवर चढले, शाल घ्यायला पुढे झाले आणि उजव्या बुटाचा तळ मागेच राहिला. दुसऱ्या बुटाचा भुगा पाडत पाडत ते खुर्चीपर्यंत गेले. सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. दुसऱ्या दिवशी तू ते बूट घेऊन पावर हाउसच्या मोच्याकडे गेलीस, मी बरोबर होते. त्यानं तळ बोटानं दाबला, माती झाली. म्हणाला, "दीदी, ये सोल पहनने से बचता है। डब्बे में रखोगे तो मर जाएगा।" परत येताना ऑटोत मी तुला म्हटलं, "आता समजलं ना ताई, तुले जपताच येत नाही." चार महिने माझ्या घरी आली नाहीस. मी म्हणत राहिले, बुटाचंच तर बोलले.

प्रज्ञाच्या लग्नात तर मी हद्द केली. तुझी एकुलती एक पोरगी, रायपूरला नोकरी करणारी, मागच्याच वर्षी हॉलमध्ये नवरी बनून आली. माझी खात्री होती की ती साडी बाहेर निघेल. डाग काढले असतील, तुला येतं ना सगळं, स्वतःच्या पोरीसाठी नक्की काढले असतील. आणि ती आली विकतच्या नव्या पांढऱ्या साडीत. मी तुझ्या कानाशी जाऊन म्हटलं, "कावून, जपून ठेवलेलं नाही निघालं का?" तुझ्या हातात फुलांचं ताट होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "बेबीले पानी द्या वो कोनी, घसा सुकला तिचा." मला वाटलं मी जिंकले.

आणि दवाखान्यात. तुझा आवाज बसला होता, बोललीस की धाप लागायची. दुपारची वेळ, प्रज्ञा औषध आणायला खाली गेली होती. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बेबी, ते साडीचं..." मी काय केलं? मी तुझ्या अंगावरची चादर सारखी केली. म्हटलं, "झोप आता. ते नको काढू." बाहेरच्यांना वाटलं असतं, किती मोठं मन, बहिणीला दुखवायचं नाही हिला. तसं नव्हतं. तू तुझं सांगितलं असतंस तर मला माझं सांगावं लागलं असतं. मला तुझं एकतर्फी ऐकायला आवडलं असतं, पण तेवढं मिळणार नव्हतं. म्हणून मी तुला झोपवलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि खरंच डोळे मिटलेस. नंतर दोन दिवस तू होतीस, पण शुद्ध नव्हती.

काल प्रज्ञानं मला कपाट आवरायला बोलावलं. तिला रायपूरला परत जायचं आहे, भाऊजींना काही कळत नाही, ते ओट्यावर बसून असतात. कपाटात लोकांचे तीन कोट निघाले, प्रत्येकाच्या खिशात नावाची चिठ्ठी. ते आम्ही आज पोचवले. सगळ्यात खालच्या कप्प्यात मलमलचं गाठोडं होतं. मी हात लावला नाही. प्रज्ञानंच उघडलं.

ताई, अर्ध्याहून जास्त डाग गेलेले होते. मधला भाग स्वच्छ. पदराकडे अजून वीस-बावीस ठिपके, फिकट, चहाच्या रंगाचे. मी म्हटलं, हे कसं काढलं. प्रज्ञा म्हणाली, "लिंबू से। काडीले कापूस लावून. ठंडी में बैठती थी, एका वेळी एकच ठिपका. लिंबू लावायची, ओल्या कपड्यानं टिपायची, मग आठ दिवस सोडायची. रेशीम फाटेल म्हणे घाई केली तर. मले हात नाही लावू द्यायची."

"तुझ्या लग्नात कावून नाही दिली तुले?"

तिनं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "मैंने माँगी थी, मावशी. लय भांडलो आम्ही. मम्मी म्हणाली, ते बेबीची हाय. तिची पाळी हाय. ती नेसल्याशिवाय कोणालेच नाही." मग साडीची घडी पाहत म्हणाली, "तुम्हा दोघींच्या पायी मी बाजारातली नेसली."

मग तिला विचारलंच, जे पंचवीस वर्षं तुला विचारलं नव्हतं. वारा फिरला होता की नाही.

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "मम्मीनं मले सांगितलं होतं, मागच्याच वर्षी, लग्नाच्या वेळी. रात्री ओली करून टाकली, सकाळी धूर पाहिला तरी काढली नाही. बोली, गुस्से में थी। म्हणे बेबीले मायची लाज वाटली, तर मग राहूच नये ती साडी. आणि दुपारी रडत बसली."

तर मी बरोबर होते. इतकी वर्षं मी मनात तुला दोषी धरलं होतं आणि तू खरंच केलं होतंस. मला वाटायचं, हे एकदा पक्कं झालं की मला हलकं वाटेल. काही वाटलं नाही. आईची साडी तू स्वतःच्या हातानं ओली करून धुळीत टाकलीस, ताई. हे मी माफ करत नाही, आणि तू आता नाहीस म्हणून करावं असंही मला वाटत नाही. तू ठिपका ठिपका करून पुसत बसलीस, ते तू आणि लिंबू. माझ्याकडे एक दिवस घेऊन आली असतीस, डागांसकट, माझ्या तोंडावर फेकली असतीस, तर आपण भांडलो असतो, रडलो असतो, आणि मी माझंही बोलून गेले असते. पण डाग पूर्ण जाईपर्यंत दाखवायचं नाही, ही तुझी पद्धत. लोकांचा कोटही तू अर्धा साफ झालेला कधी परत दिला नाहीस.

मग मी प्रज्ञाला माझं सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगावं लागलं, त्याची मला लाज वाटते.

तुझ्याशी भांडून मी घरी गेले तेव्हा पहिले दोन दिवस फुशारकीत होते. तिसऱ्या दिवशी तुझं ते वाक्य टोचायला लागलं, मायची लाज वाटते. मी आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला विचारलं, वाटते का. आणि मग मी अविनाशच्या घरी गेले, एकटी, आणि सासूबाईंना सांगितलं, सकाळी मी पांढरीच नेसेन, माझ्या आईनं माझ्या जन्माआधी घेऊन ठेवलेली, नाही तर लग्न नको. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. अविनाश पहिल्यांदा आईसमोर माझ्या बाजूनं बोलला, तेही घाबरत घाबरत. शेवटी त्या म्हणाल्या, "नेस बाई, पदराच्या टोकाला हळदीचं बोट लावू, म्हणजे झालं." मी हो म्हटलं. त्या दिवशी मी फाटक उघडलं तेव्हा माझ्या पिशवीत मलमल होतं. खळ नाही, नीळ नाही, दोन पाण्यातून काढलेलं. रात्री मी स्वतः धुतलं होतं, पंख्याखाली वाळवलं होतं. आयुष्यात एकदाच मी काहीतरी तुझ्या पद्धतीनं केलं होतं आणि तुला ते दाखवायचं होतं.

तारेवर ती साडी पाहिली आणि मी पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं. मी नेसणार होते हे तुला कळलं असतं तर तू जिंकली असतीस असं मला वाटलं, त्या क्षणी, का ते आता सांगता येत नाही. मी ते वाक्य बोलले. मग अविनाशच्या घरी जाऊन सासूबाईंना डागाचं सांगितलं तर त्या हात जोडून म्हणाल्या, देवानंच ऐकलं. ते मलमल मी पोळ्या गुंडाळायला घेतलं.

साडीची घडी प्रज्ञाच्या मांडीवर होती. तिनं हळू विचारलं, "आणि मम्मीले हे कधीच नाही सांगितलं?"

"नाही."

"दवाखान्यातबी नाही?"

मी मान हलवली. ती उठली, साडी माझ्या हातात दिली आणि बाहेर बापाजवळ जाऊन बसली. जाताना दारातून म्हणाली, रागानं नाही, थकल्यासारखी, "मम्मी आखरी तक बोलती रही मावशी, बेबीले मायची लाज वाटली."

नाही वाटली, ताई. मी ती साडी न्यायला आले होते.